बुटकं दार

तपासनीस बाईंनी पेला हातात घेतला, उजेडात धरला आणि एक घोटही न पिता त्यातलं पाणी बाटलीत ओतून वर बूच लावलं. आत्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथेच.

"प्यायचं असतं ते," आत्या म्हणाल्या. "बाटलीत भरायला नाही दिलं."

"आत्या, पुरे," त्यांच्या भाचीने, ताईंनी दबक्या आवाजात दटावलं.

"पुरे काय? या कारखान्यात जो आला तो हे पाणी पिऊन आला. नवा माणूस कामावर घेतला की कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीत पेला बुडवायचा आणि त्याच्या हातात द्यायचा. आधी माझा बाप प्यायचा, मग तो. घरात आलेल्या सुनांचंही तेच. विचारा हिला, थोरल्याच्या बायकोला."

वहिनींना विचारायची गरज नव्हती. लग्नाच्या कपड्यांतच त्यांना काठावर आणलं होतं. दोन्हीकडचे पाहुणे बघत असताना सासऱ्यांनी पेला भरून दिला. वर कारखाना धडधडत होता, गच्चीवर लाल-निळी कापडं ओळीने वाळत होती, आणि पेल्यातलं पाणी मात्र लख्ख. माहेरी परत गेल्यावर त्या आईला म्हणाल्या होत्या, माणसं रंगाऱ्याच्या धंद्यातली आहेत, पण हात स्वच्छ आहेत. पुढे सासरे गेले, नवरा गेला, कारखान्याला कुलूप लागलं, तरी तो पेला वहिनींच्या मनात तसाच भरलेला होता. म्हणून तर परवानगीच्या अर्जाचा मजकूर लिहायची वेळ आली तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी कोणाला न विचारता लिहून टाकलं. आमच्या कारखान्याच्या रंगाचा एक थेंबही कधी नदीत गेलेला नाही.

आता नेमक्या त्याच वाक्यावर तपासनीस बाईंचं बोट होतं.

त्या आल्यापासून वहिनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या आणि त्यातून काही म्हणता काही कळत नव्हतं. साधीशी बाई, पायात चिखलाचे बूट, आवाज कधी चढायचा नाही. जुन्या रंगकारखान्यात वर राहती घरं आणि खाली वहिनींची बालशाळा करायची तर या बाईंनी आधी माती, पाणी, भिंती सगळं तपासून होकार द्यायला हवा होता. त्याशिवाय एक वीट हलवायची सोय नव्हती. वाळवणीच्या हॉलमध्ये शिरतानाच दाराची चौकट त्यांच्या कपाळाला लागली, तेव्हा धाकट्या दीरांनी घाईघाईने घरातली ठरलेली गोष्ट सांगून टाकली होती.

"आजोबांनी मुद्दाम बुटकं केलंय दार. कामापुढे मान वाकली पाहिजे म्हणायचे. आमच्याकडे मालकसुद्धा वाकूनच आत यायचा."

"अच्छा," एवढंच त्या म्हणाल्या होत्या आणि कपाळ चोळत आत आल्या होत्या.

"हे बघा," आता त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचे हौद मी पाहिले. रंगाचं पाणी त्यात साठवायचं, तुरटी आणि चुना टाकायचा, रंग खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं नदीत सोडायचं. त्या काळात एवढं कोणी करत नव्हतं. खरोखर कौतुक आहे."

आत्यांची मान ताठ झाली.

"फक्त एक सांगा. खाली बसलेला गाळ कुठे जायचा?"

 धाकट्याने ताईंकडे पाहिलं, ताईंनी आत्यांकडे.  इतकी वर्षं ही बढाई त्यांनी ऐकली होती, स्वतः मारली होती, शाळेतल्या पालकांनाही सांगितली होती. आणि हा एवढा साधा प्रश्न आपल्या डोक्यात कधी आला नाही याची त्यांना लाज वाटली.

"त्यात मोरचूद असणार, क्रोम असणार, विषारी सगळं," तपासनीस बाई म्हणाल्या. "नदीत गेलं नाही म्हणजे कुठेतरी गेलंच. मी काठावरची माती घेऊन येते. तोवर तुम्ही आठवून ठेवा."

बाटल्यांची पेटी उचलून त्या दाराशी गेल्या आणि या वेळी आठवणीने वाकल्या.

*

रंगखोलीचं दार लावून घेतलं ते धाकट्याने. भिंतीवर अजून कापडाच्या नमुन्याच्या पट्ट्या खिळ्यांना लटकत होत्या आणि कोपऱ्यात आत्यांचा उंच स्टूल होता. लग्न न करता आत्यांनी सगळी उमर त्या स्टुलावर बसून रंग जुळवण्यात घालवली होती. आता त्या त्यावर चढू शकत नव्हत्या, पण दुसऱ्या कोणाला बसूही देत नसत.

"झालं!" धाकटा म्हणाला. "घोडं अडलं. आणि अडलं कशावर, तर आपल्याच वाक्यावर. वहिनी, कोणी सांगितलं होतं तुम्हाला ते लिहायला?"

"भावजी, तुम्ही वाचलं होतं. सही तुमचीही आहे."

"मी घरं बांधणारा माणूस. मला वाटलं, चांगलं दिसतंय."

"तुला सगळं चांगलंच दिसतं," ताई म्हणाल्या. त्या वकील, आणि घरात त्यांना पाठीमागे सगळे 'कोर्ट' म्हणत. कारखान्याचं काही करूच नका, कुलूप आहे ते बरं आहे, असं त्या पहिल्यापासून सांगत आल्या होत्या. त्यापायी धाकट्याशी त्यांचं सहा महिने बोलणं नव्हतं आणि वहिनींशी जेवढ्यास तेवढं. "मी म्हणत होते की नाही? उकरायला गेलं की निघतं. आता बसा."

"ताई, भांडायचं नंतर. आत्या, तू सांग. गाळ कुठे जायचा?" धाकट्याने विचारलं.

आत्या नमुन्याच्या पट्ट्या चाचपत उभ्या होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आत्या, आम्ही तुझ्याशी बोलतोय."

"ऐकू येतंय मला. कान शाबूत आहेत." मग अगदी रोजच्या आवाजात त्या म्हणाल्या, "आत्ता ज्याच्यावर उभे होतात ना, तिथेच."

"कुठे?"

"वाळवणीच्या हॉलखाली. दुसरीकडे कुठे नेणार? बापाने नदीला शब्द दिल्यासारखंच धरलं होतं, तिच्यात काही टाकायचं नाही. शेतात टाकलं तर शेतकरी बोंबलले असते. मग हौद भरले की हॉलच्या फरशा उचलायच्या, सुकलेला गाळ पसरायचा, वर चुन्याचा थर, धुम्मसाने ठोकायचा आणि परत फरशा बसवायच्या. सुट्टीतलं काम ते, तुम्ही कोणी नसायचात तिथे. माणसं गाणी म्हणत करायची. बाप गेल्यावर तुमच्या वडिलांनीही तेच चालवलं."

"किती वर्षं?" ताईंनी विचारलं.

"कारखाना चालला तितकी."

वहिनी भिंतीला टेकल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर हॉलच्या खिडक्या उभ्या राहिल्या. त्या खिडक्या जमिनीपासून जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर सुरू होत. मोठ्या माणसाला नदी बघायची तर कमरेत वाकावं लागे, पण लहान पोर मांडी घालून बसलं तरी त्याला समोरचं सगळं पाणी दिसलं असतं. जागा बघायला आल्या त्या दिवशी वहिनी स्वतः फरशीवर बसल्या होत्या आणि तिथल्या तिथे ठरवलं होतं, शाळा होणार तर इथेच.

"आत्या," त्या म्हणाल्या. "मग ते दार..."

"दार बुटकं नाही, पोरी. दार चांगलं डोक्यावर हातभर होतं, पायऱ्या उतरून आत जायचो आम्ही. जमीन वर आली."

"आणि ते मान वाकवायचं?"

"ते नंतर. एकदा एका व्यापाऱ्याचं डोकं आपटलं, तेव्हा बापाला सुचलं. हसले सगळे. मग तेच खरं झालं."

धाकट्याने डोक्याला हात लावला. त्याने ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली होती, मुलाच्या लग्नात भाषणातही सांगितली होती.

"बरं, ऐका," ताई म्हणाल्या, आणि त्यांचा सूर एकदम बदलला. सहा महिने ज्याच्याशी बोलल्या नव्हत्या त्या भावाच्या शेजारी त्या जाऊन उभ्या राहिल्या. "हे या खोलीच्या बाहेर जायचं नाही. तुझ्या घरांसाठी म्हणत नाहीये मी, ती गेली खड्ड्यात. पण उद्या सगळीकडे होईल, यांनी पिढ्यान्‌पिढ्या विष पुरलं. बाबांचं नाव चिखलात जाईल. आजोबांचं जाईल. वीटभट्टीवाले गाळ भरून न्यायचे, असं सांगायचं. ती भट्टी केव्हाच बंद पडली. विचारायला जाणार कोणाकडे?"

"आणि सांगणार कोण?" धाकट्याने विचारलं.

दोघांनीही आत्यांकडे पाहिलं.

"मी?" आत्या म्हणाल्या. "मी खोटं बोलू? या वयात?"

"तू सांगितलंस तर ती बाई मानेल. आम्ही दोघं कधी कारखान्याच्या कामात नव्हतो. फरशी जाडजूड आहे, आत खणायचं तिच्या मनात नाही. चुन्यात बांधलेला गाळ, वरून दगड. कोणाला काय होणारे?" ताई म्हणाल्या.

"काही होणार नाही, याची खात्री आहे तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी," धाकटा जवळ आला. त्याने आवाज मऊ केला, आणि हा माणूस आवाज मऊ करतो तेव्हाच जास्त बोचतो हे वहिनींना ठाऊक होतं. "हॉल गेला तर माझी वरची घरं आज ना उद्या होतील. तुमची शाळा मात्र होणार नाही. सुट्टी लागली की शाळेची जुनी जागा सोडायचीय ना? दुसरी मिळाली का? अख्खं शहर पालथं घातलंत तुम्ही. लहान पोरांचा कलकलाट कोणाला हवाय?"

 थोरला गेल्यानंतर महिनोन्‌महिने त्या अंथरुणातून उठत नव्हत्या. उठल्या त्या शाळेसाठी. कोणाचं नाक पुसायचं, कोणाला बूट चुकीच्या पायात घातलाय हे सांगायचं, आईसाठी रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, एवढ्यावर त्यांचा दिवस जात होता आणि असा एकेक दिवस जोडत त्या जगत होत्या. शाळा बंद झाली तर सकाळी उठून करायचं काय, हा विचारही त्यांना नको वाटे. घरातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. आत्यांना तर जास्तच.

आत्यांनी वहिनींच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"तुला हवाय का गं तो हॉल?"

हवाय म्हणणं म्हणजे काय, हे वहिनींना स्वच्छ कळत होतं. तरी त्यांनी मान खाली घातली आणि नाही म्हटलं नाही.

"ठीक आहे," आत्या म्हणाल्या. "हिच्यासाठी. बापासाठी नाही. बापाला माझ्या खोट्याची गरज नाही."

*

बाई परत हॉलमध्ये आल्यावर आत्यांनी ते इतकं सराईतपणे सांगितलं की धाकट्यानेही क्षणभर खरं मानलं असावं. भट्टीवाला कसा यायचा, त्याचे बैल कसे हट्टी होते, गाळ मिसळलेल्या विटांना कसा हिरवट रंग यायचा. "रंग मी ओळखते," त्या म्हणाल्या. "हिरवटच होत्या."

तपासनीस बाई ऐकत होत्या, लिहून घेत होत्या. ताई खिडकीबाहेर बघत उभ्या होत्या. वहिनींना वाटलं, ही म्हातारी आयुष्यभर पाव मासा वजन इकडचं तिकडे झालं तरी अख्खा रंग फेकून द्यायची, आणि आज माझ्यापायी बैल आणि विटा रचून सांगतेय. 

"भट्टीबद्दल नोंद सापडते का पाहीन," बाई म्हणाल्या. "नाही सापडली तरी तुमच्या वयाचं माणूस स्वतः पाहिलेलं सांगतंय, ते मी धरते. काठावरची माती बरी दिसतेय. आतली फरशी फोडायचं मला काही कारण दिसत नाही."

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला. वहिनींनाही हायसं वाटलं. वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळा वाचली, हा एकच विचार त्यांच्या मनात आला आणि पाठोपाठ त्यांनी हॉलभर नजर फिरवली. खेळण्यांचं कपाट कुठे, चटया कुठे, दप्तरांच्या खुंट्या कुठे.

बाई सामान आवरत होत्या. जाता जाता त्या एका खिडकीपाशी थांबल्या, खाली बसल्या आणि चक्क फरशीवर हात टेकवून बाहेर पाहू लागल्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"किती छान! मुलांना बसल्याजागी नदी दिसेल. केवढाली मुलं आहेत तुमची?"

"तीन-चार वर्षांची," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे सगळा दिवस जमिनीवरच. लोळणार, रांगणार, फटीत बोटं घालणार." बाईंनी दोन फरशांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाला बारीक भुकटी लागली, ती त्यांनी सहज रुमालाला पुसली. "खिडक्या मुद्दाम खाली घेतल्या का तुम्ही?"

वहिनींना त्या रुमालावरचा डाग दिसला. फिकट निळसर होता तो, की त्यांना तसं वाटलं, कोण जाणे. पण त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, सगळं तोंडात घालून बघणारी. खडू, माती, पेन्सिलीचं टोक. दिवसातून दहादा तिच्या तोंडातून काही ना काही काढावं लागे.

"मुद्दामच," धाकटा म्हणाला. "आमच्या वहिनींची कल्पना."

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी!"

"नाही घेतल्या खाली. खिडक्या आहेत तिथेच आहेत. जमीन वर आलीय." आता थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही हे त्यांना कळत होतं. "गाळ कोणी नेला नाही. तो इथे आहे, आपल्या पायाखाली, थरावर थर. दार बुटकं दिसतं ते त्यानेच. आत्या माझ्यासाठी खोटं बोलल्या. मीच त्यांना बोलू दिलं."

ताईंनी डोळे मिटून घेतले. धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग त्याच्या कपाळाची शीर उठली.

"वेड लागलंय तुम्हाला! सगळं बुडवलंत! सगळ्यांचं!"

"भावजी, तुमची नात या शाळेत येणार होती."

ते त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरोखर आलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो उभ्याउभ्या खाली फरशीकडे बघत राहिला.

तपासनीस बाई उठल्या. त्या ना रागावल्या, ना खूश झाल्या. "दाखवता येईल का?" त्यांनी विचारलं.

पहार आणायला वहिनीच निघाल्या, पण दोन पावलांत धाकट्याने त्यांना बाजूला केलं. "सरा. तुम्हाला नाही जमायचं ते." त्याने दाराजवळची फरशी निवडली, सांध्यात पहार घातली आणि बऱ्याच धडपडीने ती उचकटली. खाली चुना होता. बाईंनी हातमोजे चढवले, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि खुरप्याने थर कापत गेल्या. चुन्याखाली काळपट लाल निघाला, मग चुना, मग गर्द हिरवा, मग चुना, मग निळा. आणखी खोल गेल्यावर खुरपं दगडावर वाजलं. जुनी पायरी होती ती.

आत्या जवळ आल्या. कोणी त्यांना अडवलं नाही.

"तो निळा माझा," त्या म्हणाल्या. "रेल्वेच्या डगल्यांचा. तेवढी मोठी मागणी परत कधी आली नाही." मग त्यांना पायरी दिसली. "हिच्यावर बसून मी डबा खायचे."

"हॉल आजपासून बंद," तपासनीस बाई म्हणाल्या. "हे सगळं नीट काढावं लागेल. पूर आला आणि पाणी आत शिरलं, तर इतक्या वर्षांत नदीत गेलं नाही ते एका दिवसात जाईल. कोणी हात लावायचा नाही, आणि मुलं तर नाहीतच." त्या वहिनींकडे वळल्या. "किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. शाळेची दुसरी सोय बघा."

"नाहीये दुसरी," वहिनी म्हणाल्या.

 पेटी घेऊन बाई बाहेर गेल्या. पाठोपाठ ताई गेल्या, आणि धाकटा पहार तशीच हातात धरून.

हॉलमध्ये दोघीच उरल्या.

"माझ्या बापाला खोटं पाडलंस," आत्या म्हणाल्या.

"नाही आत्या. त्यांनी नदी राखली. ते खरं आहे."

"मग मला पाडलंस."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला पाडलं."

आत्या वळून दाराकडे निघाल्या. तेवढ्यात वहिनींचा फोन वाजला. शाळेतल्या मदतनीस बाई होत्या. मागे मुलांचा गोंगाट चालला होता.

"बाई, नव्या शाळेच्या पडद्यांचं माप दिलं नाहीत अजून. शिंपी खोळंबलाय."

"पडदे नको सांगा त्याला."

"नको? बरं. आणि ही पोरं सकाळपासून भंडावतायत. तिथून नदी दिसते ना, एवढं विचारून घ्या म्हणतात."

वहिनींनी खिडकीकडे पाहिलं. खालची जमीन सगळी खणून काढली की ती खिडकी कुठवर जाईल, त्याचा त्यांनी अंदाज घेतला. मुलांच्या डोक्याच्या कितीतरी वर.

"दिसेल म्हणावं," त्या म्हणाल्या. "मोठी झाली की दिसेल."

फोन ठेवल्यावर त्यांना तोंड फिरवून उभं राहावंसं वाटलं, पण आत्या दाराशी जाऊन थांबल्या होत्या. उकरलेल्या खड्ड्याला वळसा घालून त्यांनी चौकटीला हात टेकला होता.

"इकडे ये," त्या म्हणाल्या. "हात दे. मला आता एकटीला वाकायला होत नाही."

वहिनींनी हात दिला. दोघी वाकल्या आणि बाहेर आल्या.